काट्यावरची पट्टी लिनक्स डेस्कटॉपवर: फ्लॅटपॅक, वजनाची केबल, मराठी छपाई आणि अहिराणी

प्रश्न: तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी.

कापूस-केळी खरेदीच्या काट्यावर चालवायचं एक लहान ॲप लिहितोय, नाव सध्या ‘काटापट्टी’. काम मोजकं आहे. वजनकाट्यावरून आकडा घ्यायचा, भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, भाव, हमाली, तोलाई लावून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि खरेदीच्या ठिकाणची बरीच मशीन चार जीबी रॅमची, जुन्या प्रोसेसरची आहेत. त्यामुळे काही ठिकाणी लिनक्स मिंट, काही ठिकाणी उबुंटू २२.०४. ॲप पायथन, जीटीके ४ आणि लिबअद्वैता (खिडक्या-बटणं काढणाऱ्या दोन लायब्ररी) यांत आहे, नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. कोड गिटहबवर आहे.

अडलंय ते असं. डेब पॅकेज (उबुंटू-मिंटचं नेहमीचं) करू की फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारं), हे ठरत नाही. मिंटवर चाललेलं डेब उबुंटूवर लिबअद्वैताच्या आवृत्तीवरून अडतं. उबुंटूवर काट्याची यूएसबी-सिरियल केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. तीन इंची थर्मल प्रिंटरवर इंग्रजी नीट, मराठीच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं. आणि शेवटचं, मला हे ॲप मराठीसोबत अहिराणीतही द्यायचंय. सिस्टीमच्या भाषांच्या यादीत अहिराणी नाही, मग होईल का?

उत्तर: पांझरा (धुळे)

फ्लॅटपॅक करा. डेब अडतं त्याचं कारण तुमच्या कोडमध्ये नाही. प्रत्येक वितरण (उबुंटू, मिंट वगैरे) जीटीके आणि लिबअद्वैता आपापल्या आवृत्तीत गोठवतं. उबुंटू २२.०४ मध्ये लिबअद्वैताची पहिल्या पिढीतली आवृत्ती आहे, पुढे आलेले घटक तिथे नाहीतच. फ्लॅटपॅकमध्ये ॲप स्वतःच्या रनटाइमवर (लायब्ररींच्या ठरलेल्या संचावर) चालतं, खालची सिस्टीम कुठलीही असो. पायथन आणि त्याला जीटीकेशी जोडणारं पायजीऑब्जेक्ट दोन्ही नोम डेस्कटॉपच्या रनटाइममध्ये आधीच असतात. तुमच्या बाबतीत बाहेरून आणायचं ते फक्त पायसिरियल, म्हणजे सिरियल पोर्ट वाचणारी पायथन लायब्ररी.

(मंचावर आज्ञा नागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाका.)

आधी ॲपचा आयडी पक्का करा, कारण प्रसिद्ध झाल्यावर तो बदलणं म्हणजे वापरणाऱ्यांच्या नोंदींचं फोल्डरच बदलणं. स्वतःचं डोमेन नसेल आणि कोड गिटहबवर असेल तर आयडी ‘आयओ डॉट गिटहब डॉट तुमचं खातं डॉट काटापट्टी’ असा. खात्याच्या नावात आडवी रेघ असेल तर आयडीत तिथे अधोरेघ येते. हाच आयडी सगळीकडे अक्षरशः सारखा हवा: मॅनिफेस्ट (ॲप कसं बांधायचं ते सांगणारी फाइल), डेस्कटॉप फाइल, मेटाइन्फो फाइल (ॲपची ओळख-माहिती), चिन्हाची फाइल आणि कोडमधल्या ॲप्लिकेशन ऑब्जेक्टचा आयडी. एका ठिकाणी मोठं अक्षर लहान झालं तरी वेलँडवर (खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) टास्कबारमध्ये तुमच्या चिन्हाऐवजी कोरं चिन्ह दिसतं आणि माणूस दोन दिवस चिन्हाच्या फाइलमध्ये चूक शोधत बसतो.

मॅनिफेस्टमध्ये रनटाइम ताजा घ्या. नोमची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरला येते आणि त्या रनटाइमचा आधार साधारण वर्षभर असतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी रनटाइमचा आकडा वाढवून, ॲप पुन्हा बांधून, तपासून सोडायचंच आहे. हे काम कोण करणार ते आजच ठरवा.

सगळ्यांची पहिली ठेच इथे लागते: फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक ॲपचं ऑनलाइन भांडार) ॲप बांधलं जातं तेव्हा इंटरनेट नसतं. मॅनिफेस्टमध्ये नुसतं ‘पिप इन्स्टॉल पायसिरियल’ लिहिलं तर तुमच्या घरी कदाचित चालेल, तिकडे पडेल. प्रत्येक बाहेरची गोष्ट स्रोतांच्या यादीत, नेमक्या पत्त्यासह आणि शा-२५६ बेरजेसह (फाइल तीच आहे हे पटवणारा आकडा) द्यावी लागते. फ्लॅटपॅक-बिल्डर-टूल्स या भांडारात फ्लॅटपॅक-पिप-जनरेटर आहे, तो ही यादी तयार करून देतो.

बांधायला वितरणातला जुना फ्लॅटपॅक-बिल्डर घेऊ नका. फ्लॅटहबवरचा ‘ऑर्ग डॉट फ्लॅटपॅक डॉट बिल्डर’ घ्या, परीक्षण करणारे तोच वापरतात. त्याच्यातच लिंटर (नियमांच्या चुका शोधणारं साधन) आहे. आधी मॅनिफेस्टवर आणि बांधून झाल्यावर तयार रेपोवर, असा दोनदा चालवा. दुसरी फेरी बरेच जण गाळतात, आणि मेटाइन्फोच्या चुका तिथेच सापडतात.

मेटाइन्फोत पाहतात त्या गोष्टी: निदान एक स्क्रीनशॉट (खऱ्या खिडकीचा, इंटरनेटवर थेट उघडणारा पत्ता), सारांश ३५ अक्षरांच्या आत, प्रत्येक आवृत्तीची तारखेसह नोंद, वयोगटाची माहिती (ओएआरएस पद्धतीने), आणि दोन वेगवेगळे परवाने. एक ॲपचा, दुसरा मेटाइन्फो फाइलचा स्वतःचा. तो सहसा सीसी-झिरो असतो. भांडारात परवान्याची पूर्ण फाइलही हवी, रीडमीमध्ये ‘जीपीएल’ एवढं लिहून भागत नाही.

मग फ्लॅटहबच्या भांडाराची प्रत काढा, ‘न्यू-पीआर’ शाखेवरून आपली शाखा करा आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) त्याच ‘न्यू-पीआर’वर टाका. मास्टरवर टाकलेली बंद होते. स्वीकारलं की तुमच्या ॲपचं वेगळं भांडार तिकडे उघडतं आणि तुम्हाला त्यात लिहायचा हक्क मिळतो.

त्यानंतरचं एक काम मिंटसाठी अगदी गरजेचं आहे. मिंट २२ पासून सॉफ्टवेअर मॅनेजर पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक सेटिंग बदलल्याशिवाय दाखवत नाही. फ्लॅटहबच्या डेव्हलपर पानावर गिटहब खात्याने आत जाऊन पडताळणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर काट्यावरचा माणूस शोधेल आणि ‘असं ॲपच नाही’ म्हणेल. उबुंटूवर फ्लॅटपॅक आधीपासून नसतं, आधी ते बसवून फ्लॅटहबचा स्रोत जोडावा लागतो. हे रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

जुन्या ग्राफिक्सवर खिडकी काळी किंवा तुटक दिसली तर जीटीकेचा नवा चित्रक त्या हार्डवेअरला झेपत नसतो. ‘जीएसके_रेंडरर’ला ‘कैरो’ मूल्य देऊन चालवून बघा. तुमच्या ॲपमध्ये ॲनिमेशन नाहीत, त्यामुळे वेगात फरक जाणवणार नाही.

उत्तर: यार्ड_भुसावळ

केबलचं सांगतो. पोर्ट क्षणभर दिसून जाणं, उबुंटू २२.०४ आणि सीएच३४० चिपची स्वस्त केबल, या तीन गोष्टी एकत्र आल्या की दोषी बहुतेक वेळा बीआरएलटीटीवाय असतो. ब्रेल डिस्प्लेसाठीची ही सेवा आहे. काही ब्रेल उपकरणं त्याच चिपच्या त्याच ओळखक्रमांकाने (१ए८६:७५२३) येतात, म्हणून ती सेवा तुमची केबल आपली समजून ओढून घेते. खात्री करायला केबल लावून लगेच डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) पाहा. सीएच३४१ ड्रायव्हर (सीएच३४० लाही हाच लागतो) जोडला गेला आणि पुढच्याच ओळींत बीआरएलटीटीवायचं नाव दिसलं की समजायचं. त्या मशीनवर कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर काढू नका. ८५ आकड्याने सुरू होणाऱ्या त्याच्या यूडेव्ह नियमांच्या (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या) फाइलमधली फक्त या क्रमांकाची ओळ बंद करा.

यानंतर पोर्ट टिकेल, पण ‘परवानगी नाही’ येईल. वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला. यूजरमॉड वापरताना मोठ्या जीसोबत लहान ए द्यायला विसरू नका. ए राहिला तर माणूस बाकीच्या सगळ्या गटांतून निघतो, सुडोसकट, आणि मग रिकव्हरीतून दुरुस्ती. गट बदलल्यावर लॉगआउट करून परत या, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून होत नाही.

तिसरा त्रास देणारा मॉडेममॅनेजर. नवा सिरियल पोर्ट दिसला की तो मॉडेम आहे का हे बघायला त्याच्यावर एटी आज्ञा पाठवतो. काही इंडिकेटर (काट्याचा आकडा दाखवणारे डबे) त्या अक्षरांना बिचकतात, पहिली काही सेकंदं चुकीचे आकडे येतात. आपल्या केबलच्या क्रमांकासाठी यूडेव्ह नियम लिहून ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ला १ द्या.

कोडमध्ये ‘टीटीवाययूएसबी-शून्य’ असं पक्कं लिहू नका. प्रिंटरची केबल आधी लागली की काट्याचा नंबर एक होतो. ‘डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’खालचं नाव घ्या. मात्र सीएच३४० मध्ये अनुक्रमांक नसतो, म्हणून तशाच दोन केबली असतील तर दोघींचं नाव एकच येतं. तिथे ‘बाय-पाथ’ घ्या आणि केबल कुठल्या भोकात लावायची तिथे मशीनवर खूण करा.

आता इंडिकेटर. ॲप लिहिण्याआधी पिकोकॉमने (टर्मिनलमध्ये सिरियल पोर्ट दाखवणारं साधन) कच्चा प्रवाह बघा. बरेच काटे ९६०० वर ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असे असतात, काही २४०० वरही सापडतात. वेग चुकला तर सगळाच कचरा दिसतो. आकडे ओळखू येतात पण मध्येच एखादं अक्षर भलतंच निघतं, तेव्हा ७ बिट आणि सम पॅरिटी लावून पाहा. काहीच येत नसेल तर वायर: डीबी-९ मध्ये २ आणि ३ या पिना माहितीच्या, ५ जमिनीची. इंडिकेटर आणि केबल दोघंही ३ वर बोलत असतील तर मध्ये २-३ उलटी केलेली जोड लागते.

सतत वजन पाठवणाऱ्या काट्यात तुम्ही पोर्ट उघडता तेव्हा एखादा संदेश अर्धा झालेला असतो. पहिला तुकडा नेहमी फेकून द्या, पुढे ओळ संपवणाऱ्या खुणेपर्यंत वाचून मगच आकडा काढा. हे गाळलं तर १२४५ च्या जागी कधीतरी २४५ छापलं जाईल आणि ते शेतकऱ्याच्या पट्टीवर जाईल. इंडिकेटर स्थिर-अस्थिर खूण पाठवत असेल (बहुधा एसटी आणि यूएस) तर फक्त स्थिर घ्या. पाठवत नसेल तर सलग तीन वाचनं सारखी आली की मान्य करा. ‘वजन घ्या’ बटण तोवर बंद ठेवा.

पोर्ट मुख्य धाग्यात (थ्रेडमध्ये) वाचू नका, खिडकी गोठते. वेगळ्या धाग्यात वाचा आणि पडद्यावर टाकायचं काम जीलिबच्या ‘आयडल-ॲड’मधून मुख्य धाग्याकडे द्या. दुसऱ्या धाग्यातून थेट लेबल बदललं तर दिवसभर चालेल आणि ऐन गर्दीत ॲप कोसळेल. जीटीके तशा वापरासाठी बनलेलंच नाही.

पांझराभाऊंच्या मॅनिफेस्टला एक जोड: फ्लॅटपॅक ॲपला बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवतं, म्हणून सिरियल पोर्टसाठी ‘डिव्हाइस=ऑल’ परवानगी लागेल. फ्लॅटपॅक १.१६ मधली नवी ‘डिव्हाइस=यूएसबी’ इथे पुरत नाही. ती यूएसबी उपकरणाशी थेट बोलण्यासाठी आहे, टीटीवाय पोर्ट तिच्यात येत नाही. परीक्षणात या परवानगीचं कारण विचारतील. पुल रिक्वेस्टमध्येच आधी लिहा की आरएस-२३२ वजनकाटा वाचायचा आहे.

उत्तर: पांझरा (धुळे)

बरोबर. आणि ती परवानगी घेतलीच आहे म्हणून पूर्ण होम फोल्डरची परवानगीही मागू नका. फाइल निवडायला जीटीकेचा नवा फाइल-डायलॉग वापरला की पोर्टलमधून (ॲप आणि सिस्टीम यांतला मध्यस्थ) निवडलेली तेवढीच फाइल ॲपला मिळते. छपाईही पोर्टलमधून होते, वेगळी परवानगी लागत नाही.

उत्तर: मिरचीपथारी (नंदुरबार)

छपाई. थर्मल प्रिंटरला अक्षरं पाठवली की तो स्वतःच्या रॉममधल्या अक्षरसंचातून छापतो. त्यात देवनागरी बहुधा नसते, आणि असली तरी जोडाक्षरं जुळवायचं काम प्रिंटर करत नाही. म्हणून मराठी मजकूर पाठवायचाच नाही, चित्र पाठवायचं. पँगोने (अक्षरं मांडणारी लायब्ररी) ओळी मांडा, कैरोवर (चित्र काढणारी लायब्ररी) काढा, काळं-पांढरं करून द्या. २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर मिलिमीटरला आठ ठिपके. ८० मिमी कागदावर छापता येणारी रुंदी ७२ मिमी, म्हणजे ५७६ ठिपके. ५८ मिमी कागदावर ४८ मिमी, ३८४ ठिपके. यापेक्षा एक ठिपका जास्त दिला तरी काही प्रिंटर ओळ दुमडतात आणि अख्खी पट्टी तिरकी जाते.

शक्य असेल तर हे चित्र स्वतः प्रिंटरवर ढकलू नका. कप्समध्ये (लिनक्सची छपाई व्यवस्था) प्रिंटरचा रास्टर, म्हणजे चित्र छापणारा, ड्रायव्हर बसवा, ॲपमधून ७२ मिमी रुंदीचं पान जीटीकेच्या नेहमीच्या प्रिंट-ऑपरेशनने द्या. उद्या लेझर किंवा डॉट-मॅट्रिक्स आला तरी कोड तोच.

दोन बारीक गोष्टी आहेत, पण पट्टी वाचणाऱ्याला लगेच दिसतात. पँगोला भाषा ‘एमआर’ सांगा. नोटो आणि लोहितसारख्या फाँटमध्ये मराठी ‘ल’ आणि ‘श’ वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा सांगितली तरच ते निघतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दुसरं, फाँट बारीक वजनाचा नको. थर्मलवर ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ऱ्या’ यांच्या पातळ रेषा तुटतात. मध्यम वजन घ्या, आकार दहा पॉइंटांच्या खाली नको. ‘दऱ्या’ किंवा ‘शेतकऱ्याचे’ मधला ऱ्य टाइप करताना इनस्क्रिप्टमध्ये मोठा जे, मग डी, मग य. साध्या र ला हलंत जोडून केला तर रफार होतो आणि ‘शेतकर्‍याचे’ची ‘शेतकर्याचे’ अशी वाट लागते.

पुन्हा: तापीकाठ (चोपडा)

बीआरएलटीटीवाय काढल्यावर पोर्ट टिकला, कच्चा प्रवाह ९६०० वर स्वच्छ दिसतोय. आभार. रुपयांच्या आकड्यात लाखाचा स्वल्पविराम एका मशीनवर बरोबर (१,२५,०००) आणि दुसऱ्यावर १२५,००० येतोय, हे का? आणि वीज गेली तर नोंदी सुरक्षित राहतील असं एसक्यूलाइटमध्ये नेमकं काय करू?

उत्तर: यार्ड_भुसावळ

स्वल्पविराम लोकेलवरून (सिस्टीमच्या भाषा-देशाच्या सेटिंगवरून) येतो. एका मशीनचं लोकेल एमआर-आयएन किंवा ईएन-आयएन असेल, दुसऱ्याचं ईएन-यूएस. पैशाच्या कागदावर असलं अवलंबन ठेवूच नका. शेवटचे तीन अंक, मग दोन-दोन अशी गटवारी करणारं दहा ओळींचं फंक्शन लिहा आणि त्याच्या चाचण्या ठेवा: ९९९, १०००, ९९,९९९, १,००,०००, एक कोटी, ऋण आकडा.

रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांक म्हणून साठवा. दशांश फ्लोटमध्ये ठेवले तर हमाली-तोलाईच्या बेरजेत एक पैसा कधी वर, कधी खाली जातो. पट्टी आणि दिवसाचा गोषवारा जुळत नाही, आणि हिशेबावरचा विश्वास एका पैशानेही जातो. पूर्णांकात रूपांतर कुठे आणि कसं होतं (अर्धा पैसा वर की खाली) ते एकाच ठिकाणी लिहा.

विजेचं: वॉल मोड (बदल आधी शेजारच्या फाइलमध्ये लिहिणारी पद्धत) चालू ठेवा, पण सिंक्रोनस ‘फुल’ करा, म्हणजे प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर पक्की होते. वॉल मोडमध्ये ‘नॉर्मल’वर डेटाबेस बिघडत नाही, मात्र वीज जाण्याआधीच्या शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. तुमच्याकडे शेवटची नोंद म्हणजे नुकतीच हातात दिलेली पट्टी. पट्टीचा क्रमांक आणि पट्टी एकाच डेटाबेस-व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) लिहा, छपाई त्यानंतर.

पेनड्राइव्हवर प्रत घेताना नुसती डीबी फाइल उचलून नेणं हा नेहमीचा घोटाळा. वॉल मोडमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात. ‘व्हॅक्यूम इंटू’ने किंवा बॅकअप एपीआयने प्रत काढा, मेनूतच ‘बॅकअप घ्या’ द्या. फ्लॅटपॅकमध्ये मूळ फाइल होमखालच्या लपलेल्या ‘डॉट व्हार’ फोल्डरात ‘ॲप’, आयडी, ‘डेटा’ अशा वाटेने सापडते. ‘डिलीट-डेटा’ पर्यायासह अनइन्स्टॉल केलं तर तीही जाते, हे मदतीच्या पानावर ठळक लिहा.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असतील तर पायथनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा. सुरुवातीची ती खूण नसेल तर एक्सेल मराठी नावांचा चुराडा करतं.

उत्तर: कान्हबाई (शिरपूर)

अहिराणीचं होतं, आणि करायलाच हवं. अहिराणीचा आयएसओ ६३९-३ संकेत ‘एएचआर’ आहे. तर ‘पीओ’ फोल्डरात एएचआर नावाची भाषांतराची फाइल ठेवा, भाषांची यादी असलेल्या लिंग्वास फाइलमध्ये ‘एमआर’खाली तिचं नाव लिहा, मेसन हे साधन ॲप बांधताना बाकी करतं. सिस्टीमच्या यादीत अहिराणीचं लोकेल नसलं तरी चालतं, कारण गेटटेक्स्ट (भाषांतर दाखवणारी व्यवस्था) ‘लँग्वेज’ नावाचा एन्व्हायर्नमेंट चल आधी बघतं. त्याचं मूल्य ‘एएचआर:एमआर’ द्या. अहिराणी ओळ असेल तर ती दिसेल, नसेल तिथे मराठी. म्हणजे अर्धं भाषांतर झालेलं असतानाही ॲप वापरता येतं, पूर्ण होईपर्यंत थांबायला नको.

अट एकच. मूळ लोकेल ‘सी’ (भाषा न ठरवलेलं) नसावं; ते सी असेल तर गेटटेक्स्ट ‘लँग्वेज’कडे बघतच नाही. आणि फ्लॅटपॅकमध्ये नेमकी इथेच गडबड होते. फ्लॅटपॅक सिस्टीमच्या भाषा बघून तेवढ्याच भाषांच्या फाइली उतरवतं. सिस्टीम फक्त इंग्रजीत असेल तर तुमची मराठी आणि अहिराणी दोन्ही त्या मशीनवर पोचतच नाहीत, आणि विकासकाच्या मशीनवर सगळं दिसत असल्याने चूक सापडत नाही. तुमचं ॲप लहान आहे, भाषांतरांच्या फाइली काही केबींच्या. मॅनिफेस्टमध्ये ‘सेपरेट-लोकेल्स’ला ‘फॉल्स’ द्या, सगळ्या भाषा ॲपसोबतच जातील. पायथनचा ‘सेटलोकेल’ लोकेल सापडलं नाही तर अपवाद फेकतो, तो पकडा; नाहीतर ॲप उघडायच्या आधीच बंद.

पायथन आणि जीटीके एकत्र असताना एक जुना खड्डा आहे. कोडमधल्या ओळी मराठीत येतात, पण यूआय फाइलमधली बटणं इंग्रजीतच राहतात. कारण यूआय फाइल वाचणारा जीटीके-बिल्डर सी भाषेतलं गेटटेक्स्ट वापरतो, पायथनचं नाही. म्हणून ‘गेटटेक्स्ट’ मॉड्यूलसोबत ‘लोकेल’ मॉड्यूलमधलं बाइंडटेक्स्टडोमेन आणि टेक्स्टडोमेनही बोलवा. प्रकल्प नोम बिल्डरच्या साच्यातून काढला असो की हाताने मांडला असो, हे तपासा. आणि भाषांतराच्या खुणेच्या आत एफ-स्ट्रिंग (पायथनची आकडा आतच भरलेली ओळ) लिहू नका. आतला आकडा आधी भरला जातो, मग ती ओळ कुठल्याच पीओ फाइलशी जुळत नाही. साधी ओळ लिहा, बाहेर ‘फॉरमॅट’ करा.

भाषेबद्दल. अहिराणी ओळी म्हणजे मराठीची क्रियापदं बदलून केलेली नक्कल नको. ‘काटा जोडलेला नाही’ला ‘काटा जोडेल नही’, ‘वजन किती?’ला ‘वजन कितलं?’, ‘वजन येत आहे’ला ‘वजन येई राह्यनं’ असं सरळ बोलण्यातलं ठेवा. धुळे-साक्रीकडची आणि जळगाव-चोपड्याकडची बोली काही ठिकाणी वेगळी पडते. शब्द निवडताना पीओ फाइलमध्ये त्या ओळीवर टिप्पणी लिहा की हा शब्द का घेतला, पुढे येणारा वाद तिथेच मिटतो. हमाली, तोलाई, पट्टी, काटा हे शब्द मुळात दोन्हीकडे तेच आहेत, त्यांना ‘श्रमशुल्क’ वगैरे करू नका. नोम आणि केडीईच्या मराठी भाषांतरांत जतन करा, रद्द करा, मुद्रण अशा रुळलेल्या ओळी आहेत. मराठीसाठी त्यांच्याशी जुळतं ठेवा म्हणजे एकाच पडद्यावर दोन शब्द दिसणार नाहीत.

मुक्त परवान्याच्या प्रकल्पांना होस्टेड वेबलेट हे भाषांतराचं संकेतस्थळ मोफत जागा देतं. गिट न येणारा माणूस ब्राउझरमधून ओळी भरू शकतो. अहिराणी चांगली बोलणारी आणि संगणकाशी फारसा संबंध नसलेली माणसं यायला ही एकच वाट आहे, ती आधी उघडा.

उत्तर: सातपुडापायथा (रावेर)

ॲपचं विंडोज रूपही लवकरच द्यायचं असेल तर क्यूटीचा (जीटीकेसारखीच दुसरी लायब्ररी) विचार करा. जीटीके तिथे चालतं, पण सगळी लायब्ररी सोबत बांधून देणं जड जातं. पायसाइड ६ मध्ये (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी, पायक्यूटी ही तशीच दुसरी) ते सोपं आहे. फ्लॅटहबवर पायसाइडचा बेसॲप तयार मिळतो. पायक्यूटी आणि पायसाइड यांत परवान्याचा फरक आहे: पहिला जीपीएल किंवा विकतचा, दुसरा एलजीपीएल. फक्त लिनक्सच लक्ष्य असेल तर आहे ते मोडू नका.

लोक जोडण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. या प्रकल्पात हातभार लावणाऱ्याची पहिली अडचण कोड नाही, काटा आहे. जळगावच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याकडे आरएस-२३२ इंडिकेटर नसतो. त्याला तो नसतानाही काम करता आलं पाहिजे. दोन-तीन प्रकारच्या काट्यांचा कच्चा प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये नोंदवून भांडारात ठेवा, अर्धा संदेश, अस्थिर वजन, मध्येच निघालेली केबल, सगळं त्यात येऊ द्या. सोकॅट या साधनाने आभासी पोर्टांची जोडी उघडून एका टोकाला ही फाइल ओतणारी छोटी स्क्रिप्ट द्या. सोर्समधून चालवलेलं ॲप दुसऱ्या टोकाला वाचेल. हेच नमुने स्वयंचलित चाचण्यांना वापरा. शेतकऱ्यांची खरी नावं, गाडी क्रमांक मात्र भांडारात जाता कामा नयेत. एकदा गिटमध्ये गेलं की पुढच्या कमिटमध्ये खोडून इतिहासातून जात नाही.

मग कामं लहान तोडा. ‘प्रिंट सुधारा’ असं लिहिलं की कोणी हात लावत नाही. ‘५८ मिमी कागदावर गावाचं नाव लांब असेल तर दुसऱ्या ओळीत यावं, फाइल अमुक, नमुना जोडला आहे’ असं लिहिलं की येतं. पहिल्यांदा येणाऱ्याची पुल रिक्वेस्ट दोन दिवसांत बघा. लगेच जमत नसेल तर निदान ‘रविवारी बघतो’ एवढं लिहा. आठवडा गप्प गेला की तो माणूस परत येत नाही.

दोष मूळ प्रकल्पाला कळवताना आधी तो कोणाचा आहे ते ठरवा. जीटीके-४-डेमोमध्येही तसंच दिसलं तर जीटीकेचा. फक्त मिंटवर दिसलं आणि फ्लॅटपॅकमध्ये नाही तर वितरणाचा. दोन्हीकडे तुमच्याच खिडकीत असेल तर तुमचा. नोमच्या गिटलॅबवर लिहिताना जीटीकेची आवृत्ती, वेलँड की एक्स-११, कुठला चित्रक, आणि वीस-तीस ओळींत तोच दोष दाखवणारा कोड द्या. ‘जीटीके_डीबग’ला ‘इंटरॲक्टिव्ह’ मूल्य देऊन ॲप उघडलं की निरीक्षकात ही माहिती एका जागी मिळते. तिकडचे बरेच देखभालकर्ते पगाराशिवाय हे काम करतात. नेमका अहवाल हाच त्यांचा मान. देवनागरी मांडणीचे दोष तर आपणच कळवले पाहिजेत, ती लिपी न वाचणाऱ्याला ते दिसतच नाहीत. चित्रासोबत ‘असं दिसतं’ आणि ‘असं हवं’ दोन्ही, आणि युनिकोड क्रमांक.

पुन्हा: तापीकाठ (चोपडा)

मॅनिफेस्टची लिंटर फेरी पार झाली. रेपोवरच्या फेरीत एकच चूक उरली आहे, स्क्रीनशॉट ओएसट्रीमध्ये (फ्लॅटपॅक रेपोची साठवण) मिरर झालेले, म्हणजे त्यांची प्रत घेतलेली, नाहीत अशी. मेटाइन्फोतला पत्ता ब्राउझरमध्ये उघडतो.

उत्तर: पांझरा (धुळे)

पत्ता ठीक आहे. घरी बांधताना फ्लॅटपॅक-बिल्डरला ‘मिरर-स्क्रीनशॉट्स-यूआरएल’ हा पर्याय फ्लॅटहबच्या मीडिया पत्त्यासह दिला नाही की हे येतं. तो देऊन पुन्हा बांधा, मग बिल्डरने उतरवलेल्या स्क्रीनशॉटचं फोल्डर ओएसट्रीच्या आज्ञेने त्याच रेपोत, आर्किटेक्चरच्या नावाच्या स्क्रीनशॉट-शाखेवर कमिट करा. फ्लॅटहबच्या सर्व्हरवर या दोन्ही गोष्टी आपोआप होतात, त्यामुळे फक्त हीच एक चूक उरली असेल तर पुल रिक्वेस्ट टाकायला हरकत नाही. स्क्रीनशॉटचा पत्ता मात्र शाखेच्या नावाचा नको, टॅगचा किंवा कमिटचा द्या. मुख्य शाखेतली फाइल उद्या हलवली तर पुढचं बांधकाम तिथेच अडेल.